पानाच्या मागचा हत्ती

छावणीत नलूच्या घराच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो आहोत. मध्ये जुना दिवाळी अंक, कात्री एकच, शेजारी वाटीत मैद्याची खळ. कॉन्व्हेंटच्या निळ्या गणवेशावर कागदाचे कपटे पडताहेत. अंकातली हास्यचित्रं कापून आपापल्या वहीत चिकटवायची, हा आमचा दरवर्षीचा उद्योग. अडचण अशी की चित्रं पानाच्या दोन्ही बाजूंना असायची. एक चिकटवलं की मागचं गेलंच. म्हणून पाळी ठरलेली होती, एक पान तिचं, एक माझं. एकदा माझ्या पानामागे न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला हत्ती निघाला. नलू हसून हसून लोळली आणि मग तो मागायला लागली. पाळी माझी होती. मी हत्तीवरच खळ लावली.

या गोष्टीला पन्नासहून जास्त वर्षं झाली. नलू पुढे स्वतः दिवाळी अंकांत चित्रं काढू लागली. मीही पाठवायची, माझी ‘साभार परत’ यायची. दर दिवाळीला मी तिचं पान शोधायची आणि या वर्षी तरी विनोद फसलेला असू दे, असं मनात म्हणायची. तो फसायचा नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. “विजे, हात थरथरतो आता. चित्रं बंद. सगळं वाटून टाकतेय, तू येऊन हवं ते घेऊन जा.” मी माझी जाडजूड वही पिशवीत टाकली आणि निघाले. खरं सांगते, तिला काही मागायला नाही, माझी वही तिच्या वहीपेक्षा जाड आहे हे दाखवायला.

तुम्हालाही तिकडे जायचं असेल तर पुण्याहून सकाळची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, वेळ मात्र सहा तास धरा. नेवासे फाट्यावर गाडी थांबते, तिथली भजी समोर तळत असतील तरच खा. मी मंगळवारी पोचले. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा तुम्ही हा मूर्खपणा करू नका.

नलू आता पडेगावला राहते. स्टँडवर रिक्षावाला म्हणाला, “पडेगाव? दूर पडता अम्मा, दो सौ होते.”

“अम्मा कुणाला म्हणतोस? दीडशे.”

“बैठो, आपा.” आपा, म्हणजे ताई, चालण्यासारखं होतं. छावणी मागे पडली आणि दौलताबादच्या रस्त्याला पेरूच्या पाट्या दिसायला लागल्या. एक किलो घेतले.

दार नलूच्या सुनेनं उघडलं. वैशाली गंगापूरची, शेतकऱ्याघरची, बोलायला मोकळी. “या मावशी! लई वाट बघायल्या आई. तीनदा गेटापर्यंत जाऊन आल्या.” जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भिंतभर नलूची चित्रं, कोपऱ्यात तिची ती ऐटबाज सही. मी पाठ करून बसले, तर समोरच्या भिंतीवरही तेच.

“आई म्हणत्यात, चित्र त्यांचं पण डोकं तुमचं. शाळेत विनोद तुम्हालाच सुचायचे. व्हय का?” वैशालीनं विचारलं.

“तिला विचार,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर वह्या निघाल्या. माझीच जाड होती. समाधानानं मी नलूची उघडली आणि पहिलं चित्र बोटाला लागून दारासारखं वर उचललं गेलं. तिनं फक्त वरच्या कडेला खळ लावली होती. मागचं चित्र स्वच्छ दिसत होतं. दुसरंही तसंच. सगळीच तशी.

“खळ संपली होती का तुझी?” मी विचारलं.

“नाही गं. मागची तुला आवडायची ना. म्हटलं, कधी आलीस तर बघशील.” मग तिनं माझी वही ओढली, एका चित्राची कड नखानं उचलून पाहिली. ती हलली नाही. “सिमेंट वापरलंस का काय? माझा हत्ती आहे ना गं आत?”

वैशाली खळखळून हसली, नलूही. मला हसता आलं नाही. चित्रांत ती पुढे गेली ते मी कसंबसं सोसलं होतं. यातही ती पुढेच होती, आणि तेही तेव्हापासून.

घरी आल्यावर दोन दिवस वही पिशवीतून काढली नाही. मग आठवलं, मैद्याची खळ पाण्यानं सुटते. ओलं फडकं त्या पानावर अर्धा तास ठेवलं, पातळ सुरीनं कड सोडवली. माझ्या चित्राची शाई थोडी पसरली. मागे आधी एक कान दिसला, मग खुर्ची, मग अख्खा हत्ती, जरासा पिवळा, बाकी धडधाकट.

तर माझ्या मुलीसाठी लिहून ठेवते. हत्ती नलूला, आत्ताच, मी असतानाच. चौकटीत बसवताना हत्ती पुढे ठेवायचा, माझं चित्र मागे गेलं तरी चालेल. वही वैशालीच्या मुलीला, सोबत वाटीभर पाणी आणि हे कसं करायचं ते. कपाटातल्या बुटांच्या खोक्यात नलूची प्रत्येक दिवाळीची चित्रं कापून ठेवली आहेत, ती तुझ्याकडे ठेव. ती मी जपली हे नलूला कुणी सांगायचं नाही. नलू माझा हा ब्लॉग वाचत नाही. वैशाली, तू वाचतेस, गप्प बस.