चुलीकडचा समुद्र

अंबो उपे हाडाचा बुगिस, म्हणजे पिढीजात दर्यावर्दी होता, आणि त्याला होडी लागायची, बसला की मळमळायचं. ही गोष्ट आमच्या वाडीत कुणी तोंडावर बोलत नसे, पण विसरतही नसे. ज्याचा खापरपणजा शिडाच्या जहाजातून मिरी घेऊन पार सिंगापूरपर्यंत जायचा, त्यानं जन्मभर बस चालवावी, हे काही शोभत नव्हतं. पण चालवली खरी. मकासारहून पालोपोला जायची आणि तिथून परत यायची. परतीच्या फेरीला समुद्र त्याच्या बाजूच्या खिडकीशी यायचा, कोसच्या कोस बरोबर चालायचा. एक हात चाकावर, एक डोळा पाण्यावर, असा हा माणूस. प्रवासी जीव मुठीत धरून बसत. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचा, "रस्ता मला पाठ आहे. त्याच्याकडे काय बघायचं?"

त्याचं एकच स्वप्न होतं आणि ते त्यानं सगळ्या थांब्यांवरच्या सगळ्या चहावाल्यांना सांगून ठेवलं होतं. बस सोडायची, समुद्राकाठी राहायचं, दारात स्वतःची शिडाची होडी असायला हवी, आणि सकाळी घराच्या पुढच्या लाकडी ओट्यावर कॉफी पीत तिच्याकडे नुसतं बघत बसायचं. होडीत बसण्याबद्दल तो फारसं बोलत नसे. बघण्याबद्दल बोलायचा.

होडी आधी आली, म्हणजे त्यानंच आणली. उत्तरेकडच्या मांदार लोकांत एका म्हाताऱ्याला पोरांनी यंत्राची होडी घेऊन दिली होती, त्याची जुनी पांढरी शिडाची होडी झाडाखाली वाळत पडली होती. अंबो उपेनं नोकरीच्या शेवटच्या फेरीला ती बसच्या टपावर चढवली. तिच्या दोन्ही बाजूंच्या उलांड्या, म्हणजे पाण्यात तोल सांभाळणारे वासे, काढून आतल्या वाटेत आडव्या टाकल्या. लोकांनी त्यांच्यावर पाय ठेवून, मांडीवर कोंबड्या घेऊन प्रवास केला. एका बाईनं विचारलं, की आम्ही बसमधून जातोय की होडीखालून? अंबो उपे इतका खुशीत होता की त्यानं तिला तिच्या दारापर्यंत सोडलं.

आता राहिलं घर. त्याचं घर आमच्या बुलू वाडीत, मोठ्या रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला होतं. लाकडी, खांबांवरचं, जस्ती पत्र्याचं. समुद्र रस्त्यापलीकडे, माशांची तळी ओलांडली की. फार लांब नाही, पण घरातून दिसत नाही तो नाहीच. अंबो उपेनं काठावर जागा बघून ठेवली आणि एका संध्याकाळी बायकोजवळ हळूच विषय काढला.

त्याची बायको इंदो मासे. बोलायला कमी, पण बोलली की विषय मिटला. ती चुलीवरचं भांडं उतरवत म्हणाली, "मी हे घर सोडणार नाही."

दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. अंबो उपे मात्र रात्रभर खूश होऊन जागा राहिला आणि सकाळी पुआंग तांगांच्या दारात जाऊन उभा राहिला. पुआंग तांगा म्हणजे वाडीतले वडीलधारे, वाडीत कुणाचंही घर उचलायचं तर हाकारा त्यांचाच. नात्यानं इंदो मासेचे चुलतभाऊ लागत. अंबो उपे त्यांना म्हणाला, की बायको घर सोडत नाही म्हणते, तेव्हा घरासकटच नेतो.

आमच्याकडे यात नवल काही नाही. घराच्या खांबांना आडवेउभे बांबू बांधायचे, शुक्रवारच्या नमाजानंतर गावातले बाप्ये गोळा करायचे, आणि उचलायचं. घर पालखीसारखं चालायला लागतं. इंदो मासेनं हे ऐकलं तेव्हा हातातलं सूप खाली ठेवलं. आपलेच शब्द असे आपल्यावर उलटतील हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. पण ती चिडली नाही. म्हणाली, "ठीक आहे. जेवणाचं मी बघते." आणि त्याच दुपारी डोक्यावर पदर घेऊन पुआंग तांगांकडे जाऊन आली. मसाला मागायला गेले होते म्हणाली.

ठरल्या शुक्रवारी शंभरावर माणूस जमलं. कपाटं, माळ्यावरचा भात, काचेची भांडी सगळं आधीच खाली उतरवलं होतं. बायका सकाळीच काठावर जाऊन चुली पेटवून बसल्या होत्या. नारळाच्या दुधातला भात पानात बांधून शिजत होता, तळ्यातले मासे निखाऱ्यावर होते, आणि केळी कुस्करून पानात उकडलेला बारोंगको पातेलीभरून तयार होता. इंदो मासे जुन्या विहिरीच्या पाण्याची कळशी काखेला मारून सगळ्यांच्या पुढे गेली होती. ते पाणी महत्त्वाचं. घराच्या मधोमध जो नाभीचा खांब असतो, तो नव्या जमिनीवर टेकला की घरच्या बाईनं जुन्या विहिरीचं पाणी त्याच्या पायाशी घालायचं. पाणी घातलं की घर वसलं. मग वर्षभर त्याला हात लावायचा नाही.

पुआंग तांगांनी कर्ण्यातून आरोळी दिली आणि घर उठलं. जिथं त्याची पोरगी जन्मली, जिथं त्याच्या आईनं डोळे मिटले, ते घर लोकांच्या खांद्यावर डुलत निघालं आणि खाली खांबांचे खड्डे आणि कोंबडीचं एक घाबरलेलं पिल्लू राहिलं. त्याला रडू आलं. त्यानं ते पत्र्याच्या उन्हावर ढकललं.

आणि इथंच त्यानं घोडचूक केली. घर मोठ्या रस्त्याशी आलं तेव्हा वाहनं थांबवायला कुणीतरी हवं होतं, आणि हे काम दुसऱ्या कुणाला जमेल असं अंबो उपेला वाटेचना. तो लाल फडकं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. घर मजेत रस्ता ओलांडून गेलं. पण थांबलेल्या गाड्यांत पहिली बस दाएंग सिजाची होती, त्याच्या जुन्या जोडीदाराची. सिजा खाली उतरला, म्हणाला, आम्ही अजून गाड्या चालवतोय आणि हा गडी घरं चालवायला लागला. मग दुसरी बस आली. त्यातला चालकही ओळखीचा. प्रत्येकाला होडी, समुद्र, ओटा, कॉफी सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजत राहिले, आणि अंबो उपे रस्त्यात उभा राहून आपलं सुख सांगत राहिला.

तो काठावर पोचला तेव्हा सगळे जेवत होते. घर जागेवर होतं. इंदो मासेची कळशी रिकामी होऊन उपडी ठेवली होती. अंबो उपे जिन्यानं वर चढला, पुढच्या ओट्यावर आला, डोळे भरून समोर बघितलं आणि त्याला दिसली तळी. तळ्यांपलीकडे मोठा रस्ता, रस्त्यावरून पालोपोची बस, तिच्यामागे डोंगर.

समुद्र घराच्या पाठीशी होता. ओटा रस्त्याकडे आणि चूल पाण्याकडे.

तो खाली उतरला आणि त्यानं जो काही दंगा केला, तो आजही बुलू वाडीत नक्कल करून दाखवतात. पुआंग तांगा शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाले, की तळ्याच्या बांधावर घर सरळ बसेना म्हणून फिरवावं लागलं, फिरवलं ते पुन्हा फिरवायचं तर तू नव्हतास, आणि बारोंगको गार होत होता. माणसं म्हणाली, आता पोटं भरली, बांबू उचलवणार नाही. शिवाय पाणी घातलेलं. अंबो उपेनं बायकोकडे बघितलं. ती भात वाढत होती. तिनं त्याच्यासमोरही पान मांडलं.

"वर्षभर," पुआंग तांगा म्हणाले. "मग पुन्हा बांबू घेऊन येऊ, तू म्हणशील तसं फिरवू."

ते वर्ष अंबो उपेला फार जड गेलं. हट्टानं तो पहिले काही दिवस कॉफी घेऊन ओट्यावर बसला. समोरून बस गेली की चालक ओळखून भोंगा वाजवायचा. सिजा तर खास वेग कमी करून विचारायचा, "काय म्हणतोय समुद्र?" माणसानं किती सोसावं. एके दिवशी अंबो उपे कप घेऊन उठला आणि घरातून चालत मागे गेला. लग्नापासून त्यानं स्वयंपाकघरात जेवण्यापलीकडे पाय ठेवला नव्हता. चुलीशेजारच्या खिडकीतून पांढरी होडी दिसत होती, पाण्यावर उन्हं होती. तो तिथंच फळ्यांवर बसला.

"बसलाच आहात तर कांदे सोला," इंदो मासे म्हणाली.

हळूहळू रोजचंच झालं. सकाळी समुद्र बघायचा आणि कांदे सोलायचे. खोबरं किसायला शिकला, मग मासे साफ करायला. बोलायलाही लागला. कारण कांदे सोलताना दुसरं करणार काय. पोरगी लहान असताना किती हट्टी होती, ते त्याला इंदो मासेकडून प्रथमच कळलं. त्या सगळ्या दिवसांत तो रस्त्यावर होता ना. पण कुणी विचारलं की लगेच म्हणायचा, वर्ष सरू द्या, घर फिरवल्याशिवाय राहणार नाही. आणि ते खरंच होतं. ओट्यावरचा समुद्र त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

मधे होडीचं प्रकरण झालं. नुसतं बघून तरी किती बघणार. काठावरची पोरं विचारायला लागली, की अंबो, ही होडी आहे की वाळत घातलेलं धोतर? तेव्हा एका शुक्रवारी त्यानं शीड सोडलं. वारा बरा होता. थोडा पुढे गेला, ओकला, बरं वाटल्यावर आणखी पुढे गेला. मग वारा फिरला. बसला जसा अचानक ब्रेक मारतात तसं काहीतरी अंबो उपे करायला गेला, आणि होडीला ब्रेक नसतो. उलांडी कडाडली, शीड पाण्यात झोपलं.

काठावर एक बाप्या नव्हता, सगळे मशिदीत. इंदो मासे चुलीवर मासे परतत होती. तिनं मान वर केली, खिडकीत शीड नव्हतं. कढई तशीच हातात घेऊन ती जिना उतरली आणि झाऱ्यानं ती बडवत मशिदीकडे पळाली. असा आवाज त्या मशिदीनं कधी ऐकला नसेल. लोक चपला न घालता धावले, यंत्राची होडी काढली. अंबो उपे पालथ्या होडीवर घोडा केल्यासारखा बसला होता आणि थंडीनं काकडत वाऱ्याला शिव्या घालत होता.

घरी इंदो मासेनं त्याला आल्याचा गरम साराब्बा पाजला. मग कढई पुन्हा चुलीवर ठेवली. त्यानं मात्र गावभर सांगितलं, की माझं नावच उपे, नशीबवान, म्हणून वाचलो. कुणी बघितलं, कुठून बघितलं, याचा त्यानं विचारच केला नाही. पुरुष माणूस.

वर्ष सरलं. ठरल्याप्रमाणे पुआंग तांगा बांबू आणि माणसं घेऊन दारात आले, म्हणजे मागच्या दारात, कारण आता सगळं गाव मागूनच यायचं. आत अंबो उपे खोबरं किसत होता. त्याला एवढा आनंद झाला की किसणी तशीच घेऊन खाली उतरला. बांबू कुठे बांधायचे, घर कसं फिरवायचं, भराभर सांगायला लागला. या खेपेला मी रस्त्यावर जाणार नाही, म्हणाला.

पुआंग तांगांनी घसा साफ केला. म्हणाले, "फिरवतो. पण आधी तुझ्या बायकोला विचार. मागल्या खेपेलाही मी तिचंच ऐकलं होतं."

अंबो उपेनं हातातली किसणी बांबूंवर टाकली. म्हणजे बांध नाही, बारोंगको नाही. सगळं वर्ष हिनं ताकास तूर लागू दिली नाही! तो तडातडा जिना चढला. इंदो मासे चुलीशी पाठमोरी बसली होती.

"घर तू फिरवायला लावलंस?"

"लावलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फिरवू दिलं असतंत?"

तिनं जाळ कमी केला आणि त्याच्याकडे वळली.

"तुम्ही बस चालवायचात. रांधून, झाकून ठेवून मी पुढच्या पायरीवर जाऊन बसायचे. रस्त्याकडे बघत. कधी अर्धी रात्र व्हायची. कुठे बस उलटली अशी बातमी आली, की तुमचीच का, ते कळायला दुसरा दिवस उजाडायचा. जन्म गेला त्या पायरीवर. आता म्हणालात पाण्यावर जाणार. जा की. पण मी पुन्हा पायरीवर बसणार नाही. इथून दिसता तुम्ही, आणि भाजीही करपत नाही."

खाली माणसं बांबू आपटत होती. अंबो उपे खिडकीशी गेला. होडी होती, नवी उलांडी लावलेली. हाताशी चुलीच्या धुरानं काळी पडलेली चौकट, आणि तिला कोपराशी झिजून झालेली एक गुळगुळीत जागा. त्यानं तिथं आपलं कोपर ठेवून बघितलं. ती जागा त्याची नव्हती, इंदो मासेची होती; त्याच्या कोपराला ती फार खाली पडत होती.

त्यानं डोकं बाहेर काढलं.

"पुआंग, घर राहू दे," तो म्हणाला. "पुढचा ओटा तेवढा सोडवा आणि या खिडकीखाली आणून लावा. आलाच आहात तर जेवूनही जा."

पुआंग तांगांनी माणसांना खूण केली. एवढ्या लोकांना घर उचलायला बोलावून ओटा उचलायला लावला म्हणून थोडी कुरकुर झाली, पण निखाऱ्यावरच्या माशांचा वास आधीच खाली पोचला होता. इंदो मासेनं सकाळीच सगळ्यांपुरता भात टाकला होता. तिनं कांद्यांची टोपली नवऱ्याकडे सरकवली, आणि तो खिडकीकडे तोंड करून सोलायला बसला.