तारेवरचं सोवळं
परवा जुन्या पेटीत तांब्याच्या तारेचं हिरवं पडलेलं वेटोळं सापडलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं. माझ्या तरुणपणी अख्ख्या रत्नागिरीत बिनतारी यंत्राचा नाद लागलेला मी एकटाच असेन. मुंबईहून हेडफोन मागवले होते, बांबूच्या नळीवर तार गुंडाळली होती आणि अंगणातल्या दोन माडांमध्ये लहरी पकडायला उंच एरियलची तार ताणली होती. महिनाभर यंत्रातल्या स्फटिकाच्या खड्यावर सुई टेकवून नुसती खरखर ऐकली. त्या सकाळी मात्र समुद्रावरच्या कुठल्याशा जहाजाची कट्ट-कडकट्ट स्वच्छ आली. पाठ केलेल्या मोर्सच्या खुणांवरून दोन अक्षरं लागली, आणि आवाज एकदम मेला. बाहेर धावलो, तर काकांनी सोवळ्याचं ओलं धोतर काठीनं माझ्या एरियलवर वाळत टाकलेलं. तार झोळ खाऊन गोठ्याच्या पत्र्याला टेकली होती, म्हणजे आलेला आवाज सगळा जमिनीत. "काढा ते आधी!" मी ओरडलो. काका पडवीत पेज ओरपत होते. "एवढ्या उंचावर कुणाची शिवाशिव होत नाही हो. आणि आता मी खाल्लंय, मलाही शिवता यायचं नाही. उद्या आंघोळ झाली की काढीन." उद्या! मी सरळ हातानंच धोतर ओढलं आणि अंगणात आपटलं. आत येऊन ऐकतो तर जहाज गप्प. घरातले सगळे मलाच बोलले, आणि दुसऱ्या सकाळी ते धोतर धुऊन पुन्हा त्याच तारेवर! काकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता घरोघरी रेडिओ बडबडतात; पण त्या जहाजाचं तिसरं अक्षर मला अजून कुणी भरून दिलेलं नाही.