माणसांचं काम सुनेत्राकडे

माझी बायको सुनेत्रा इथे इंग्लंडात, रीडिंग शहरातल्या एका विमा कंपनीत चेंज मॅनेजर आहे. म्हणजे नेमकं काय, हे पुण्यातल्या माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. ऑफिसात नवी सिस्टिम आली की कॉम्प्युटरचं इंजिनिअर बघतात आणि माणसांचं सुनेत्रा. माणसं आधी कुरकुरतात, मग रुसतात, मग शिकतात. पुढे काहींची नोकरी जाते. सुरुवातीला अशा दिवशी सुनेत्राला जेवण जायचं नाही. आता जातं.

यंदा क्लेम्स विभागाची पाळी होती. तिथे अलका होती, आमची इथली पहिली मैत्रीण. वर्क व्हिसावर आलेली, मुलगी कस्तुरी ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षाला. नोकरी गेली तर सगळं बिऱ्हाड गुंडाळून नागपूर गाठायचं.

विभाग अडून बसला. खोटा क्लेम कसा ओळखायचा हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते सिस्टिमला शिकवायला कोणी तयार नव्हतं. मग सुनेत्राने अलकाला घरी जेवायला बोलावलं, मसालेभात केला आणि शब्द टाकला. मैत्रिणीचा शब्द अलका मोडते थोडीच. तिने शिकवायला घेतलं, तिच्यामागून बाकीचे आले. सिस्टिम शिकली की विभाग बंद होणार, हे सुनेत्राला ठाऊक होतं. सांगायची परवानगी नव्हती म्हणे. परवानगी!

लोकांना कळवलं त्या आठवड्यात अलका आमच्याकडे आली. बूट न काढता थेट किचनमध्ये.

"मला जेवायला बोलावलंस, तेव्हा तुला माहीत होतं?"

सुनेत्राने मान जराशी कलती केली, हात टेबलावर ठेवले आणि मऊ आवाजात म्हणाली, "आय हिअर यू, अलका. हे तुझ्यासाठी किती डिफिकल्ट असेल, आय कॅन ओन्ली इमॅजिन."

घरून काम असतं तेव्हा लॅपटॉपवरच्या, नोकरी गेलेल्या अनोळखी लोकांना ती अगदी हेच म्हणते, याच खुर्चीत बसून. अलका चिडली नाही, रडली नाही. आल्या पावली निघून गेली.

दार लागल्यावर मला सुनेत्राची भीती वाटली, पहिल्यांदाच. ती ओटा पुसायला लागली होती.

"तसं ठीक झालं ना बोलणं?" तिने मला विचारलं.