दाब सोडलात का?

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या बेंगळुरूत शोधून सापडणार नाही, आणि या माणसाचा जन्म काँक्रीट फोडण्यात गेला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी कालवलेलं, आणि घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, तोंडाचा तिखट. आमची पहिली गाठ बसवनगुडीतल्या मंगल कार्यालयात, माझ्याच लग्नात पडली. अंतरपाट धरला, भटजींनी घसा खाकरला, इतक्यात हे गृहस्थ पुढे झाले, वरच्या झुंबराकडे बघितलं आणि म्हणाले, "स्वल्प थांबा. लटकत्या वजनाखाली माणूस उभा करायचा नाही." मग मी सरकलो, नवरी सरकली, अंतरपाटवाले सरकले, भटजी पुटपुटत सरकले, आणि मुहूर्त टळता टळता राहिला. ते झुंबर अजून तिथंच टांगलेलं आहे.

त्यांचं काम काय ते आधी सांगतो. उंच इमारतीच्या पायासाठी जमिनीत काँक्रीटचे खांब ओततात. त्यांचं वरचं डोकं कच्चं राहतं, म्हणून ते फोडून आतल्या सळया मोकळ्या कराव्या लागतात. त्यासाठी पोकलेनच्या हाताला साखळ्यांनी एक भलंमोठं लोखंडी कडं टांगतात. कड्याच्या आतून छिन्न्या असतात. ते खांबावर उतरवायचं, लिव्हर दाबायची, की तेलाच्या दाबानं सगळ्या छिन्न्या एकदम आत घुसतात आणि खांबाची मान कडकन मोडते. हे यंत्र ड्रायव्हरकडून चालवून घेणं, त्याच्या पिना तपासणं, बोथट छिन्न्या बदलणं, तेलाच्या नळ्या बघणं हा अण्णांचा संसार. अक्का म्हणायची, "माझ्या गुडघ्यांची एवढी चौकशी कधी केली नाही यांनी."

यंत्राभोवती ते चुन्याची रेघ मारत आणि काम चालू असताना तिच्या आत मालकालासुद्धा येऊ देत नसत. पण त्यांचा खरा वैरी म्हणजे दाब. "इंजिन बंद केलं म्हणजे यंत्र झोपलं असं समजू नका. दाब आत बसलेला असतो. लिव्हरी हलवून तो सोडायचा, मग हात लावायचा," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी ते झोपेत म्हणून दाखवीन. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाचा फवारा डोळ्याला दिसत नाही, पण कातडी भेदून आत जातो. म्हणून गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवायचा. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाचा एक तुकडा कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. घरातही तेच. अक्कानं कुकरला हात घातला की बाहेरच्या खोलीतून प्रश्न येई, "दाब सोडलास का?" इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात नळ्या घ्यायला गेलो की मी गोटी सोडा प्यायचो आणि हे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून विचारायचे, "फोडलीत का बाटली? येऊ का?" आम्ही सगळे त्यांची टर उडवायचो. साइटवरचे लोकही उडवायचे.

मग गेल्या वर्षीची आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात तीच. इथं त्या दिवशी स्कूटरपासून क्रेनपर्यंत सगळ्याला झेंडूच्या माळा पडतात, चाकाखाली लिंबं चिरडतात आणि कुंकू भरलेला कोहळा फोडतात. येलहंक्याच्या साइटवर अण्णा दरवर्षी मला बोलवायचे. त्या दिवशी मालकाच्या डोक्यात आलं की कोहळा जमिनीवर कशाला आपटायचा, यंत्रानंच फोडू. अण्णा कुरकुरले, पण देवाच्या कामात किती नाही म्हणायचं. स्टुलावर कोहळा ठेवला, कडं त्याच्याभोवती लटकतं धरलं, ड्रायव्हरनं लिव्हर दाबली. कोहळ्याचा चेंदामेंदा झाला, टाळ्या पडल्या, आणि फोटो नीट यावा म्हणून ड्रायव्हरनं लिव्हर तशीच दाबून धरली, म्हणजे नळ्यांत दाब भरलेलाच. तेवढ्यात अण्णांना दिसलं की माळेआडच्या एका नळीला कुंकू लागायचं राहिलंय. सगळ्या अवयवांची पूजा झाली आणि एक नळी तशीच राहिली, हे त्यांना बघवेना. अनामिकेवर कुंकू घेऊन ते चुन्याची रेघ ओलांडून गेले, लटकत्या कड्यापाशी वाकले आणि माळ बाजूला सारून नळीला बोट लावलं. पुठ्ठा रोजच्या शर्टात घरी राहिला होता. आज नवा पांढरा शर्ट होता.

मला एवढंच दिसलं की त्यांनी हात झटकला आणि बोट मुठीत धरलं. कुंकवामुळे रक्त कळलं नाही. मग पंगत बसली, केळीच्या पानावर होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, आल्या, तूप आलं. अण्णा माझ्या शेजारी. बघतो तर हा माणूस डाव्या हातानं जेवतोय. ज्यानं आयुष्यात पानाला डावा हात लावला नाही, तो. मी त्यांचा उजवा हात मांडीवरून ओढून वर घेतला. बोट सुजून पांढरंफटक पडलं होतं.

"केव्हा झालं?"

"कुंकू लावताना. तेल गेलंय आत."

"मग बोलला का नाहीत?"

ते पानाकडे बघत म्हणाले, "एवढ्या लोकांना एवढी वर्षं सांगत आलो. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू?"

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तेलाचं नाव ऐकताच धावपळ केली. लागलं तेव्हाच का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी नुसता हात पुढे केला. अनामिका गेली, मधलं बोट गेलं, तळव्याचाही तुकडा काढावा लागला. पंजा वाचला यातच आनंद मानायचा. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं.

हात बरा झाल्यावर ते कामावर जाऊ लागले. आता साइटवरचे लोक रेघेच्या आत पाय टाकत नाहीत, त्यांच्या हाताकडे बघूनच मागे सरतात. पण अण्णा बोलायचे थांबले. झुंबराखाली निमूट बसतात. कुकर उतरवताना अक्का अजून क्षणभर थांबते. बाहेरून काही येत नाही, मग ती झाकण उघडते. तिनं मला एकदा सांगितलं, "घर खायला उठतं हो. ओरडा म्हणावं, काहीही ओरडा."

यंदा आयुधपूजेला मी न बोलावता गेलो. कडं जमिनीवर टेकवलेलं, इंजिन बंद, किल्ली अण्णांच्या खिशात. त्यांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "तुम्ही लावा. मला ते बोट नाही."

मी बोट बुडवलं, नळीपर्यंत नेलं आणि तिथंच थांबलो.

"अण्णा, दाब सोडलात का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. थट्टा करतोय का, ते तपासत असावेत. मी थट्टा करत नव्हतो.

"सोडलाय मघाशीच," ते हळूच म्हणाले. मग वाटी माझ्या हातात दिली, केबिनमध्ये चढले, आणि उरलेल्या बोटांनी एकेक लिव्हर पुन्हा हलवून बघू लागले. "स्वल्प थांबा," ते वरून ओरडले. "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

मी बोटावर कुंकू घेऊन उभा राहिलो.