दुसऱ्या हातावरची फुंकर

नातीचं रक्त तपासायचं होतं. सून म्हणाली, "आबा, तुम्हीच धरा तिला, मला बघवत नाही." चार वर्षांची पोर मांडीवर घेतली. सुई पाहून ती हात ओढायला लागली, तशी मी पुसलेल्या जागेवर फुंकर घातली. कुणाला लागलं की आमची ही, म्हणजे तिची आजी, तेच करायची.

रक्त घेणारी मुलगी वैतागली. "आजोबा, इथं फुंकू नका, मला परत पुसावं लागतंय. त्या हातावर फुंका."

मी दुसऱ्या हातावर फुंकत राहिलो. पोर म्हणाली, "आबा, तंबाखूचा वास येतोय." तेवढ्यात रक्त घेऊन झालंसुद्धा. रडली नाही.

मला हे काही कळत नाही. सुई एका हातात, फुंकर दुसऱ्यावर, मग गुण आला कुठून? आमची ही गेली त्या आठवड्यात दवाखान्यात हिच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. हात लावायला जागाच नाही म्हणून मी बाहेर बाकावर बसून राहायचो. तेव्हा ते बरोबर वाटत होतं. आता पोरीला कडेवर घेऊन घरी निघालोय आणि एकच डोक्यात येतंय. पाय तर मोकळे होते हिचे.