‘समजावून सांगितले’

"बघा सिस्टर, आता पोळ्या करणारी बाई मला डॉक्टरकी शिकवणार."

मॅडम असं म्हणाल्या आणि सिस्टर हसली. दारात उभी असलेली रिसेप्शनची मुलगी हसली. मी तपासायच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली. मीही हसले. ते माझं हसणं मला आजही सहन होत नाही.

मनीषनगरात मॅडमच्या घरी मी चार वर्षं स्वयंपाक केला. त्यांचा धंतोलीत बायकांचा दवाखाना. मला दिवस गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "दुसरीकडे कशाला जातेस? मीच बघते तुला." हुडकेश्वरची आमची अख्खी गल्ली म्हणाली, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटलं. पण माझा नंबर नेहमी सगळ्यात शेवटी. तोवर मी पाण्याच्या कॅनजवळच्या स्टुलावर. एकदा बाकावर बसले तर रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "तिथं पेशंट बसतात." मी पेशंटच होते. तेव्हा ते मला सुचलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मॅडमचा डबा घेऊन मी आत गेले. मला नववा लागलेला. समोर एक बाई नवऱ्यासोबत बसली होती. तिचंही बाळ माझ्यासारखंच पायाळू. डोकं वर, ढुंगण खाली. मॅडमच्या हातात कापडाची बाहुली होती, टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा. बाहुली फिरवून फिरवून त्या सांगत होत्या. पोटावरून हातानं बाळ फिरवून बघता येतं, सगळ्यांचं जमतं असं नाही, करताना बाळाचे ठोके बघत राहावे लागतात. नाही तर तारीख ठरवून सिझर. पायाळू बाळाचं साधं बाळंतपणही काही जणींचं होतं, पण त्याला अनुभवी हात लागतो. किती हळू, किती गोड बोलत होत्या. घरी मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"आणि अचानक पाणी गेलं तर," असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "डबा ठेव आणि बाहेर थांब."

मी बाहेर थांबले.

माझा नंबर आला तेव्हा मॅडम फोनवर होत्या. बोलता बोलताच त्यांनी पोट दाबून पाहिलं. "उलटंच आहे अजून. सिझर करू. तारीख सांगीन." मी धीर करून विचारलं, "मॅडम, माझं बाळ फिरवून बघता येईल का? आणि पाणी गेलं तर काय करायचं?"

त्यावर ते हसणं झालं. हसून झाल्यावर म्हणाल्या, "तू नको टेन्शन घेऊ. तू आपल्या पोळ्या बघ."

पाणी गेलं ते बारा दिवसांनी, दुपारी. कळ एकही नव्हती. मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायची लाज वाटली. सासू म्हणाली, "कळा तं येऊ दे वं. आत्ताच जाऊन काय करशीन? तुह्या नवऱ्याच्या वक्ताले मले दोन दिवस लागले होते." मी तिला दोष देत नाही. तिची सगळी बाळं डोक्याकडून आलेली. मी लादी पुसली. केस विंचरले. दोन तास गेले. मग खाली काहीतरी सरकलं. हात लावला तर ओली, गुळगुळीत दोरी.

ऑटोत मी धंतोलीपर्यंत बसून गेले. बसून. नाळ बाहेर आली की बसायचं नसतं, आडवं व्हायचं, कंबर उंच ठेवायची, हे सिस्टरनं मला दवाखान्याच्या दारात ओरडून सांगितलं. तोवर नाळ दबली होती.

पोट कापलं. मुलगी होती. रडली नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सोबत सिस्टर, हातात फाइल. "फाइल पूर्ण करायची आहे. इथं सही कर. सही येते ना? नाही तर अंगठा चालेल."

मी बारावी शिकलेली आहे. चार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "बाळ पायाळू असल्याचे धोके, तसेच पाणी गेल्यास तात्काळ दवाखान्यात येण्याबाबत पेशंटला समजावून सांगितले. पेशंट उशिरा आली."

सिस्टर खाली बघत होती.

"मले हे कोणी सांगितलं नाही," मी म्हणाले. मॅडमसमोर मी कधी मले म्हटलं नव्हतं. चार वर्षं जीभ सांभाळली होती. "मी विचारलं तं तुम्ही हसल्या. मी सही करत नाही."

"तुझ्यासाठी मी एवढं केलं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलाही नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नवरा रात्रपाळी करून तसाच आला होता. तो म्हणाला, "करून टाक सही. पोरगी तं गेलीच. आता मॅडमसंगं काहून बिघडवून राहिली?" त्याचे डोळे सुजलेले होते. त्याच्यावर मी चिडले नाही. सही केली नाही.

काम गेलं. मनीषनगरात आणखी तीन घरी विचारलं. तिन्ही घरी मॅडमचा फोन आधीच गेला होता. आरोग्य खात्यात अर्ज दिला, तिथले साहेब म्हणाले, साक्षीदार आणा. साक्षीदार दोघी. एक सिस्टर, एक रिसेप्शनची मुलगी. दोघींच्या नोकऱ्या तिथंच आहेत. मी सिस्टरकडे गेले तर तिनं दार अर्धंच उघडलं. रडली. म्हणाली, "मले माफ कर, मी नाही बोलू शकत." माझी मुलगी परत येणार नाही. अर्जातून काही निघेल असंही मला वाटत नाही.

पण माझ्या पोटाची ती फाइल माझी आहे. दर सोमवारी मी धंतोलीत जाते, बाकावर बसते आणि फाइल मागते. नाही म्हणतात. दवाखाना बंद होईपर्यंत बसते. त्या बाकावर पोट घेऊन बसलेल्या बायका विचारतात, कोणाची वाट बघता? मी त्यांना माझं बाळ कसं गेलं ते सांगते. पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका, हे सांगते. रिसेप्शनवरून मला गप्प बसायला सांगतात. मी बोलत राहते. पोलीस बोलावू म्हणाले. बोलवा म्हटलं. पुढच्या सोमवारीही जाणार आहे.