वहीवर नाव नव्हतं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. आणि आज बोलतेय ते मन हलकं करायला वगैरे नव्हे — असलं गोडगोड माझ्याच्यानं होत नाही. संताप आलाय म्हणून बोलतेय. परवा कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि एक पोरगी माईकवरून सांगते, मॅडमनी दहावीतच स्वतःची भाषा तयार केली होती! ही गोष्ट मीच वर्षानुवर्षं पसरवलेली. टाळ्या पडल्या. मी हसले. हसले मी — कळतंय का तुम्हाला?

ती भाषा सुमनची होती.

केदारखेड्याजवळचं आमचं गाव, एक्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. सुमन माझ्या बाकावरची, शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. दोनशे पानी वहीत तिनं अख्खी भाषा उभी केली होती. खरी गंमत होती ‘माझं’ म्हणण्यात. जन्मासोबत आलेलं — हात, आवाज, आई — त्याला एक प्रत्यय. स्वतः केलेलं — भाकरी, गोधडी — त्याला दुसरा. आणि नुसतं ताब्यात असलेलं — शेत, बैल, विहीर — त्याला तिसरा, तोही वापर चालू असेपर्यंतच. विहिरीवरून तिच्या घरात भाऊबंदकी पेटलेली असायची, त्यातून तिला हे सुचलं होतं. मी विचारलं, नवरा कशात गं? म्हणाली, “तिसऱ्यात. काम करून राह्यला तोवर!” पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

आता पुढचं ऐका. दहावीनंतर हेडमास्तर जालन्याच्या वसतिगृहात एका मुलीची सोय करणार होते. एकीचीच. माझे तर सख्खे काका जालन्यात राहायचे — मला गरज होती का? बिलकुल नव्हती! सुमनच्या वडलांनी मात्र तिला सांगून टाकलं होतं — सोय झाली तर शिक, न्हाई तर लग्न.

वही मी वाचायला मागून आणली होती. सुमन त्या दिवशी कापूस वेचायला गेल्ती. मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटीच होते, तेव्हा हेडमास्तर आले, माझ्यापुढची वही उचलली आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले. वहीवर नाव नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं — तसं त्यांनी कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं. कुणाची गं ही?

मी म्हणाले, माझी.

घाबरून? छे! कसली भीती? मला ते कौतुक हवं होतं, बस. आणि त्या शहाण्या माणसाला अक्षरसुद्धा ओळखू येऊ नये? वर्षभर दोघींचे पेपर तपासले ना त्यांनी? — बघा, पुन्हा मी दुसऱ्यावर ढकलतेय. लाज म्हणून नाही मला.

संध्याकाळी सुमन वही न्यायला आली. तिला काय सांगितलं मी? म्हटलं, हेडमास्तर भडकले, असला येडेपणा कुणी शिकवला म्हणाले, आणि वही फाडून फेकली. तुझं नाव मी सांगितलं नाही, आता तूही तोंड उघडू नकोस. — इतकं सगळं मला एका दमात सुचलं. तिनं ऐकून घेतलं आणि गेली.

वसतिगृहाची जागा मला मिळाली. परीक्षा झाली, आणि वैशाखात सुमनला जाफराबादकडे दिली. मी त्या लग्नात पोटभर जेवले.

खूप वर्षांनी, दोन हजार सालानंतर, जाफराबादच्या स्टँडवर ती भेटली. तिनंच ओळखलं. माझा हात घट्ट धरला.

“लई दिवसांचं मनात होतं बघ,” म्हणाली. “माझ्या वहीपायी तुला हेडमास्तरांची बोलणी खावी लागली. तरी तू माझं नाव न्हाई घेतलं. मीच येडी, मला कशाला पाह्यजे होती भाषा? मला माफ कर बाई.”

वही माझ्या घरी कपाटात होती. धडधाकट, एक पान फाटलेलं नव्हतं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, जाऊ दे गं सुमन, मी तर तुला कधीच माफ केलं.